लॅब्राडूडल घ्यायचाय? न गळणारे केस विंचरणार कोण, ते आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंडला नवव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट. नवरा-बायको दोघंही नोकरीला, घरी सत्तरीतल्या सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. मुलाला लहानपणी बाळदमा होता, अजूनही पावसाळ्यात शिंका सुरू होतात. कुत्रा हवा म्हणून त्यानं वर्षभर घरच्यांचं डोकं खाल्लंय. एका विक्रेत्यानं लॅब्राडूडल, म्हणजे लॅब्राडोर आणि पूडल यांची मिश्रजात, सुचवला: केस गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही, वास येत नाही, फ्लॅटला एकदम योग्य, स्वभावानं लॅब आणि डोक्यानं पूडल. रविवारपर्यंत टोकन द्यायचंय. घ्यावा का?

रविवारी टोकन देऊ नका. लॅब्राडूडल वाईट म्हणून नव्हे. माझ्या दादरच्या दवाखान्यात येणाऱ्यांपैकी काही इतके गोड आहेत की कंपाउंडरसुद्धा त्यांची वाट बघत असतो. पण तुम्हाला दिलेल्या आश्वासनांपैकी एकही नुसत्या नावावर देता येत नाही. आणि त्यातलं जे अर्धंमुर्धं खरं ठरतं, म्हणजे केस कमी गळण्याचं, त्याचीच किंमत पुढे सगळ्यात जास्त मोजावी लागते.

ॲलर्जीचं आधी सांगते, कारण तुमच्या घरात कळीचा मुद्दा तोच आहे. या मिश्रजातीचा गवगवा झाला तोही ॲलर्जीमुळेच. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंना वाट दाखवणारा कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या रॉयल गाइड डॉग असोसिएशनला विचारलं. तिथे प्रजननाचं काम बघणाऱ्या वॉली कॉनरन यांनी आधी स्टँडर्ड पूडलच शिकवून पाहिले. ते जमेना, तेव्हा १९८९ मध्ये लॅब्राडोर आणि स्टँडर्ड पूडल यांची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. तिघांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, तर त्या गृहस्थांना त्रास झाला नाही तो फक्त एका पिल्लाचा. त्याचं नाव सुलतान. बाकीची दोन त्याची सख्खी भावंडं, एकाच वेताची, आणि तरी ती चालली नाहीत. विक्रेते सुलतानची गोष्ट सांगतात, त्या दोघांची सांगत नाहीत. खुद्द कॉनरन यांनी पुढे मुलाखतींमध्ये या साऱ्या प्रकाराबद्दल पस्तावा बोलून दाखवला होता.

आता कारण बघा. ॲलर्जी केसांची नसते. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि लघवीत काही प्रथिनं असतात, त्यांची असते. केस हे त्यांचं वाहन. केस गळले नाहीत तरी कुत्रा चाटायचा थांबत नाही आणि कोंडा पडायचा थांबत नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये घराघरांतली धूळ तपासली गेली, तेव्हा ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या घरांत हे प्रथिन कमी सापडलं नाही. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लॅब्राडूडलही तपासले. असल्या जातींच्या केसांवर ते प्रथिन उलट जास्त निघालं. लॅब्राडूडलच्या घरात जमिनीवरच्या धुळीत ते कमी होतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण हवेत फरक नव्हता. आणि मुलगा श्वास हवेतून घेणार.

म्हणून मुलाच्या डॉक्टरांशी आधी बोला. कुत्र्याच्या ॲलर्जीची त्वचेवरची चाचणी करता येते. चाचणीत काही निघालं नाही तरी ज्यांच्याकडे मोठा कुत्रा आहे अशा ओळखीच्या घरी त्याला चार-पाच वेळा दुपारभर खेळू द्या. गळ्यात पडू दे, तोंड चाटू दे. पिल्लाला दहा मिनिटं मांडीवर घेऊन शिंक आली नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही. पिल्लू छोटं असतं, कोंडाही थोडा. त्रास बऱ्याचदा कुत्रा मोठा झाल्यावर दिसायला लागतो, आणि तोवर मुलाचा त्याच्यात जीव गुंतलेला असतो. मग ‘कुणाला हवाय का’ असे मेसेज फिरायला लागतात. असे मेसेज मला दर महिन्याला येतात.

आता केस. विक्रेत्याकडे गेलात तर पिल्लाचं तोंड नीट बघा. पूडलकडून येणाऱ्या मिशा, दाढी आणि झुपकेदार भुवया हे प्रभावी जनुकाचं काम आहे. शुद्ध पूडल आणि शुद्ध लॅब यांच्या पहिल्या पिढीत सगळ्या पिल्लांना ते यायलाच हवं, आणि दोन महिन्यांच्या पिल्लात ते ओळखू येतं. ‘पहिली पिढी’ म्हणून दाखवलेलं पिल्लू लॅबसारखं तुळतुळीत तोंडाचं असेल, तर आईबापांबद्दल काहीतरी लपवलं जातंय. डूडलला डूडल लावून केलेल्या पुढच्या पिढ्यांत मात्र काही पिल्लं तशी निघतात, आणि ती लॅबसारखेच केस गाळतात. दाढी आहे म्हणजे केस गळणारच नाहीत, असंही नाही. गळणं, कुरळेपणा आणि लांबी ठरवणारी जनुकं वेगवेगळी आहेत. एकाच वेतात एक लोकरीसारखा, एक लाटालाटांचा, एक खरखरीत, असं होतं.

समजा तुमच्या नशिबात लोकरीवाला आला. मग गळणारा केस जमिनीवर न पडता शेजारच्या कुरळ्या केसात अडकतो, आणि तिथेच गुंता सुरू होतो. पहिले सहा-आठ महिने पिल्लाचे केस मऊ असतात, कसेही विंचरा, छान दिसतात. लोक निर्धास्त होतात. मग मोठेपणीचे केस यायला लागतात, जुने सुटतात, दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि पंधरा दिवसांत काखेत, कानामागे, जांघेत आणि पट्ट्याखाली गाठी धरतात. याच सुमाराला माझ्याकडे लोक कुत्रा घेऊन येतात आणि म्हणतात, ‘डॉक्टर, हा हल्ली हात लावू देत नाही, चिडका झालाय.’ मी काखेत बोट घालते तर बोट कातडीपर्यंत जातच नाही. चिडका झालेला नसतो, प्रत्येक पावलाला त्याची कातडी ओढली जात असते.

रोज ब्रश करतो म्हणणारेही यात असतात, आणि ते खोटं बोलत नसतात. ब्रश वरून फिरतो, वरचा थर फुलतो, खाली कातडीलगत नमदा तयार होतो. पद्धत अशी: कुत्र्याला कुशीवर झोपवा. एका हातानं केस वर उचलून धरा, म्हणजे खाली कातडीची एक पांढरी रेघ दिसेल. त्या रेघेपासून बाहेरच्या बाजूला बारीक वाकड्या तारांच्या स्लिकर ब्रशनं विंचरा, हात हलका ठेवा, नाहीतर कातडी सोलवटते. मग पाव इंच वर नवी रेघ. एक भाग झाला की लोखंडी कंगवा कातडीपासून टोकापर्यंत ओढा. कंगवा अडला तर तो भाग झालेला नाही. मोठ्या डूडलला याप्रमाणे सगळं अंग करायला पाऊण तास सहज लागतो. लोकरीवाल्याला आठवड्यातून तीन-चारदा, आणि ती केस बदलायची वर्षाच्या आतबाहेरची मुदत चालू असताना रोज.

आंघोळीच्या आधी विंचरायचं, नंतर नाही. गाठ भिजली की आवळते. आंघोळीनंतर ड्रायरनं मुळापर्यंत वाळवायचं. पंख्याखाली सोडून दिलं की मुंबईच्या दमट हवेत वरून कोरडा आणि आतून ओला राहतो, आणि ‘वास येत नाही’ म्हणून घेतलेला कुत्रा ओल्या गोणपाटासारखा वास मारतो. जुलै-ऑगस्टमध्ये अशा ओल्या गुंत्याखाली कातडी लाल होते, चिघळते, आणि दुर्लक्ष झालं तर तिथे अळ्या पडतात. घाबरवायला लिहीत नाही, दर पावसाळ्यात बघते म्हणून लिहिते.

माझा सल्ला: जून ते सप्टेंबर केस इंचभर ठेवा. लॅब किंवा गोल्डन रिट्रीव्हरला भादरू नये, कारण त्यांच्या केसांचे दोन थर असतात आणि ते नीट परत येत नाहीत. लोकरीवाल्या डूडलला मात्र बारीक कापणं चालतं. ग्रूमरकडे दर सहा ते आठ आठवड्यांनी जावं लागतं, आणि मोठ्या कुत्र्याच्या पूर्ण ग्रूमिंगला मुंबईत सहज दोन-तीन हजार जातात. हा खर्च दहा-बारा वर्षांचा आहे. पिल्लाची किंमत त्यापुढे काहीच नाही. गुंता घट्ट झाला असेल आणि ग्रूमर म्हणाला की सगळं उतरवावं लागेल, तर त्याच्याशी भांडू नका. तो गुंता सोडवत बसणं म्हणजे कुत्र्याचा छळ.

मग तुमच्या घरात हे कोण करणार? मुलगा ‘मी करीन’ म्हणेल. आठवडाभर करेलही. सासूबाईंना पंचवीस किलोचा कुत्रा कुशीवर झोपवता येणार नाही. उरता तुम्ही दोघं, आणि तुम्ही ठाण्याच्या पुढची गाडी पकडून रात्री आठला घरी येणार असाल, तर मंगळवारी रात्री साडेनऊला ब्रश हातात घ्यायची तयारी कोणाची आहे, ते आत्ताच ठरवा.

कानांचं दोन ओळींत: लोंबते कान, आत केस, बाहेर पाऊस. आठवड्याला एकदा कान उलटून हुंगा. आंबूस वास, काळपट मळ किंवा सारखी मान झटकणं दिसलं की दाखवायला या. कानात खोबरेल तेल घालू नका. आजीच्या बटव्यातला हा एक उपाय कुत्र्यांना मानवत नाही.

स्वभावाबद्दल ‘लॅबचं प्रेम, पूडलचं डोकं’ ही जाहिरात ऐकायला बरी वाटते. पण पिल्लाला दोघांकडून काय मिळेल ते निवडता येत नाही. लॅब हा पाण्यातून शिकार उचलून आणायला घडवलेला कुत्रा: सगळं तोंडात धरणार, अंगावर झेपावणार, कायम भुकेला. पूडलही मुळात पाण्यातलीच शिकार आणणारा, केसांच्या कापणीवरून दिवाणखान्यातला वाटतो एवढंच. तो तल्लख, हळवा आणि आवाजाला चटकन दचकणारा. दोन्ही कामकरी कुत्रे. त्यांचं पिल्लू शांत निघेल असं का वाटावं? लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनं मालकांच्या उत्तरांवरून कॉकापू, कॅव्हापू (पूडलच्याच दुसऱ्या मिश्रजाती) आणि लॅब्राडूडल यांच्या वागणुकीची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली, तेव्हा हे मिश्र कुत्रे बऱ्याच बाबतींत मूळ जातींपेक्षा जास्त नकोसं वागताना दिसले; त्यातल्या त्यात लॅब्राडूडल बरे निघाले. मिश्र म्हणजे निरोगी, हेही त्याच कॉलेजच्या दुसऱ्या पाहणीत टिकलं नाही: बहुतेक आजारांच्या बाबतीत मूळ जातींत आणि यांच्यात फरकच नव्हता.

प्रत्यक्षात तुमच्याकडे काय होईल ते सांगते. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत तो वयात येत असतो, अंगानं मोठा आणि डोक्यानं पोर. दारावरची बेल वाजली की धावत जाऊन माणसाच्या छातीवर पाय. सासूबाई पडू शकतात, आणि त्या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून ‘चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच लाड’ हा नियम पिल्लू तीन किलोचं असल्यापासून लावायचा, सगळ्यांनी लावायचा, पाहुण्यांनीसुद्धा. पिल्लू उड्या मारतं तेव्हा गोड दिसतं आणि सगळी सोसायटी त्याला शिकवते की उडी मारली की लाड होतात. इथेच बिनसतं.

रोज दीड तास बाहेर लागेल, सकाळ-संध्याकाळ मिळून. नुसतं चालवून भागणार नाही, डोक्याला काम हवं. जेवण वाटीत न देता अर्धं घरभर लपवून शोधायला लावा. पंधरा मिनिटं हुंगण्यात तो जितका दमतो तितका अर्धा तास ओढत नेऊन दमत नाही. दिवसभर सासूबाई घरी आहेत ही जमेची बाजू. तरी पहिल्या आठवड्यापासून त्याला रोज थोडा वेळ एकटं राहायची सवय लावा, नाहीतर पुढे त्या देवळात गेल्या तरी हा दार ओरबाडत बसेल.

तीन ते चौदा आठवडे हा जग ओळखायचा काळ. लसी पूर्ण होईपर्यंत खाली सोडायचं नाही हे बरोबर, पण घरात कोंडायचंही नाही. उचलून न्या: लिफ्ट, रिक्षा, भाजीवाला, छत्री उघडणं, रेनकोट घातलेला वॉचमन. ढोल-ताशाचे आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून जेवण देत जा आणि आठवड्याआठवड्याला किंचित वाढवा. मुंबईत गणपती आणि दिवाळी चुकत नाहीत.

आजारपणात मुंबईची स्वतःची दोन दुखणी आहेत. गोचिडांमुळे होणारा ताप आणि लेप्टो. गोचीड फक्त बागेत असतात असं नाही. आपल्याकडचा तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत, सोफ्यामागे, नवव्या मजल्यावरही संसार थाटतो, आणि डूडलच्या दाट केसांत तो महिनाभर दिसत नाही. म्हणून बारा महिने गोचिडांचं औषध, वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. जेवण सोडलं, अंग तापलं, हिरड्या फिकट पडल्या किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. घरातली क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम अजिबात देऊ नका. लेप्टो उंदरांच्या लघवीतून, साचलेल्या पाण्यातून येतो आणि माणसालाही होतो. त्याची लस दरवर्षी असते. ती मे महिन्यात देऊन टाकावी, असं माझं मत. लस सगळे प्रकार अडवत नाही, म्हणून तुंबलेल्या पाण्यात त्याला खेळू देऊ नका. दोन्हीकडून पाण्याचं वेड आलेलं असल्यामुळे तो खेळणारच, तर घरी आल्यावर पाय आणि पोट धुऊन कोरडं करा.

उकाड्यात फिरणं सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि दमट हवेत ते जमत नाही, मग तापमान चौतीसच का असेना.

खाण्याचं फार लिहीत नाही, लॅबचं रक्त आहे म्हणजे तो कायम उपाशीच दिसणार. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना नाही. फक्त एक गोष्ट सासूबाईंना आवर्जून सांगा: बेदाणा आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. दिवाळीत बेसनाच्या लाडवावरचा एक बेदाणा आपण सहज काढून त्याच्यापुढे टाकतो. कांदा, चॉकलेट आणि बिनसाखरेचं च्युइंगमही कुत्र्याला विषारी.

आता विक्रेत्याला काय विचारायचं. आई-बाप दोन्ही दाखवा. निदान आई पिल्लांसोबत बघायला मिळालीच पाहिजे. बाप स्टँडर्ड पूडल की मिनिएचर, कारण त्यावर कुत्रा बारा किलोचा होणार की तीसचा हे ठरतं. दोघांच्या खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे आणि डोळ्यांची तपासणी. डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होणारा एक आनुवंशिक आजार लॅब आणि पूडल दोघांतही आहे, त्यामुळे इथे मिश्रणाचा फायदा मिळत नाही. ‘केसीआयचे पेपर देतो’ म्हणाला तर उठा आणि निघा. केनेल क्लब ऑफ इंडिया शुद्ध जातींची नोंद ठेवतो, लॅब्राडूडल त्यात जात म्हणून नाहीच. २०१७ च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागा. रविवारची घाई कोणाला आणि का आहे, ते तेवढ्यात कळेल.

सोसायटीची काळजी करू नका, पण तयारी ठेवा. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी सर्वसाधारण सभेत ठराव करूनही कुत्रा पाळायला किंवा लिफ्ट वापरायला बंदी घालू शकत नाही. तुमची बाजू: महापालिकेचा परवाना, रेबीजच्या लसीचा दाखला, खाली नेताना पट्टा आणि खिशात पिशवी.

हे सगळं वाचूनही डूडलच हवा असेल, मुलाची चाचणी आणि ते दुपारभराचे खेळ निभावले असतील आणि मंगळवारी रात्रीचा ब्रश कोणाच्या हातात हे ठरलं असेल, तर घ्या, पण पिल्लू घेण्याआधी दीड-दोन वर्षांचा सोडून दिलेला डूडल मिळतो का ते शोधा. मुंबईत असे मिळतात. बहुतेकांची वाट वर सांगितलेल्या केसांनी किंवा उड्यांनीच लावलेली असते. त्याचे केस कसे, उंची किती, स्वभाव कसा, मुलाला तो सोसतो की नाही, हे सगळं तेव्हा डोळ्यांसमोर असतं. आणि चाचणीत काहीच निघालं नाही, पण विंचरायला खरोखर कोणी नाही असं असेल, तर आखूड केसांचा मोठा झालेला देशी कुत्रा दत्तक घ्या. केस गळतील, झाडू जास्त मारावा लागेल, पण विंचरायला आठवड्याला दहा मिनिटं पुरतात. निर्णय काहीही झाला तरी घरी आणल्यापासून दोन-तीन दिवसांत जवळच्या डॉक्टरकडे तपासायला न्या, आणि विक्रेत्यानं दिलेलं लसींचं कार्ड सोबत ठेवा. त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर नसेल तर त्या लसी झाल्याच नाहीत असं धरून आम्ही पुन्हा सुरुवात करतो.